गोबरगॅससाठी 'कल्चर'ची पुडी विकताय? थोडं थांबा

गोबरगॅस कल्चरची पुडी घ्यायची आणि गावोगाव विकायची, हा प्लॅन घेऊन परभणी, जिंतूर, सेलूकडचे बरेच जण माझ्याकडे येतात. मार्जिन छान दिसतं. पण पुडीत नेमकं काय आहे?

मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव हे बॅक्टेरिया नाहीतच. १९७७ मध्ये कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी अमेरिकेत त्यांना वेगळ्या गटात टाकलं. आज त्या गटाला आर्किया म्हणतात. ऑक्सिजन असला की यांची वाढ बंद. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत यांच्यावर काम झालंय. स्लरीतून ते वेगळे काढणं हा मोठा खटाटोप असतो. खाद्य उकळून त्यातली हवा काढायची, वरून नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड सोडायचा, रबरी बूच घट्ट लावायचं. आत रेझाझुरिन नावाचा रंग असतो. तो गुलाबी दिसला की समजायचं, ऑक्सिजन शिल्लक आहे. पेनिसिलिनसारखं औषध घालून इतर बॅक्टेरिया रोखतात, आर्कियांना त्याने फरक पडत नाही. मग वाढलेला जीव अतिनील प्रकाशात निळसर-हिरवा चमकतो का आणि बाटलीत खरंच मिथेन जमतो का, हे तपासतात.

आता सांगा, दुकानात उघड्यावर पडलेल्या पुडीत हे जीव कामाच्या अवस्थेत असतील का? पुरवठादाराला विचारा: कोणता जीव, हवेपासून कसा जपला, तपासणीचा कागद कुठाय?

आणि गंमत म्हणजे हे जीव गाईच्या पोटात असतातच, शेणातून फुकट येतात. नवीन टाकी भरताना शेजारच्या चालू टाकीतली स्लरी टाकली की काम लवकर सुरू होतं.

खरी अडचण पुढे येते. आम्ल बनवणारे बॅक्टेरिया भराभर वाढतात, मिथेनवाले हळू. घरातलं उरलेलं अन्न एकदम जास्त टाकलं की आम्ल साचतं, आणि गॅस निघतो पण पेटत नाही. पीएच साधारण ६.८ ते ७.२ हवा. खाली गेला तर खाद्य काही दिवस बंद करा. थंडीत गॅस कमी होतो, तेही ग्राहकाला आधीच सांगा.

म्हणून पुडीऐवजी देखभाल विका. पीएच पट्ट्या, पाइप, व्हॉल्व्ह, शेगडीची दुरुस्ती आणि महिन्याची एक भेट. टाकी किती मोठी हवी हेही तुम्हीच सांगा: एक घनमीटर गॅसला रोज साधारण २५ किलो शेण लागतं. दोन जनावरांच्या घरी मोठी टाकी कुणी गळ्यात मारली असेल तर कुठलीच पुडी ती भरणार नाही.

पहिली भेट सकाळी ठेवा. शेण तेव्हाच कालवतात. पाणी किती ओततात ते समोरच दिसतं.