एक बाकडं, एक पडदा

पहिल्याच दिवशी मी कंपनीच्या नाइकांकडे संहिता मागितली. ते देवळाच्या सभामंडपात पायपेटीच्या फाटलेल्या भात्याला कापडाची पट्टी चिकटवत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कसली?"

"आजच्या नाटकाची."

"ता सांजेक ठरतला," ते म्हणाले आणि माझ्या हातात खळीची वाटी दिली. दशावतारी कंपनीतलं माझं पहिलं काम ते. भात्याला खळ लावणं.

नाट्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी दोन महिने एखाद्या फिरत्या कंपनीबरोबर काढायची अट होती. वर्गातले बाकीचे मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकांच्या बसमध्ये चढले. मी घाटावरचा, लहानपणी मामाकडे पाहिलेला काळा, लाल जिभेचा संकासुर डोक्यात बसलेला, म्हणून कुडाळ स्टेशनवर उतरलो. बॅगेत दोनशे पानी वही होती. दशावताराला लिखित संहिता नसते, हे पुस्तकात वाचलेलं होतं. तरी मनात होतंच, की ती कुणीतरी लिहून घेतली नाही म्हणून नसेल. आपण लिहून घेऊ.

कार्तिकात त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास सिंधुदुर्गात गावोगावच्या देवांच्या जत्रा सुरू होतात आणि कंपन्यांचा मोसम उघडतो, तो थेट वैशाखापर्यंत. सोनुर्लीची माउली, आरवलीचा वेतोबा अशा नावाजलेल्या जत्रा आहेत, आणि ज्यांची नावं तालुक्याबाहेर कुणाला ठाऊक नाहीत अशा असंख्य. पेडणे, डिचोली, सत्तरी या गोव्याच्या भागांतही हाच खेळ चालतो. तिथे त्याला काला म्हणतात. कुठल्या देवळात कुठली कंपनी जायची हे पिढ्यांपासून ठरलेलं. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, आरोलकर, खानोलकर ही या भागातली जुनी नावं. बहुतेक नावांत गाव दडलेलं आहे. कंपनी घराण्याची असते, पण तिच्या तारखा देवाच्या.

आमच्याकडे टेम्पो होता. माझ्या आधीच्या दोन पिढ्यांनी हा सगळा प्रवास पायी केला. कपडे, मुकुट, शस्त्रं आणि गणपतीचा मुखवटा पेटाऱ्यात घालायचा आणि रात्रभर खेळ करून सकाळी तो डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट धरायची. 'रात्री राजा, सकाळी कपाळार बोजा' ही म्हण त्यातूनच आली. टेम्पो आला तरी पेटाऱ्याचा मान गेला नाही. तो आधी उतरवायचा, जागेवर ठेवायचा, नारळ ठेवून हात जोडायचे, मगच बाकीचं सामान. एकदा मी घाईत त्यावर चहाचा कप ठेवला. कुणी बोललं नाही. एका काकांनी कप उचलला, माझ्या हातात दिला आणि पंच्याने पेटारा पुसला. त्यानंतर दोन महिन्यांत मी त्यावर साधा हातही टेकला नाही.

बाकी सामान म्हणाल तर मागे एक पडदा आणि पुढे एक लाकडी बाकडं. हे बाकडं म्हणजे सिंहासन, हाच पर्वत, हाच रथ, हीच शेज आणि वेळ पडली तर चिता. शहरात आम्ही नेपथ्याचा स्वतंत्र पेपर सोडवत होतो. इथे राजा बाकड्यावर बसला की दरबार भरे, आणि त्याच बाकड्यावर उभा राहिला की गडाचा बुरूज होई. जमिनीवर बसलेल्या आजीपासून झाडावर चढलेल्या पोरापर्यंत कुणालाच ते समजावून सांगावं लागत नसे.

संहिता 'सांजेक ठरतली' म्हणजे काय, ते त्याच संध्याकाळी कळलं. चहा झाल्यावर सगळे नाइकांभोवती बसले. आधी गावकऱ्यांकडून एक चौकशी झाली: गेल्या वर्षी इथे कुठलं आख्यान झालं, शेजारच्या गावात परवा काय झालं. मग नाइकांनी नाव घेतलं, हरिश्चंद्र. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांत सगळं वाटून झालं. राजपार्टी कोण, स्त्रीपार्टी कोण, खलपार्टी कोण, नारद कधी येणार, कुणामागून कुणाचा प्रवेश, पद कुठे आणि युद्ध कुठे. काय बोलायचं, याबद्दल एक शब्दही नाही. जुनी माणसं तर तेवढंही ऐकत नव्हती; एक जण कोपऱ्यात सुपारी कातरत होता. रात्री तोच विश्वामित्र झाला आणि अस्खलित, संस्कृताळलेल्या मराठीत पाऊण तास बोलला. दुपारी त्याच्या तोंडून मालवणीखेरीज दुसरी भाषा मी ऐकली नव्हती.

खेळ सुरू व्हायचा तो पालखीची प्रदक्षिणा आटोपल्यावर, मध्यरात्रीच्या आसपास. आधी पूर्वरंग. पायपेटी, पखवाज आणि झांज यांच्या साथीवर नाईक नमन गातात. गणपती येतो, सोबत रिद्धी-सिद्धी नाचतात. सरस्वती येते, भटजी येतो, ब्रह्मदेव येतो. मग वेद चोरणारा संकासुर. अंगभर काळा वेश, डोक्यावरून काळी टोपी, लोंबती लाल जीभ. पोरं आयांच्या मांडीत तोंड लपवतात आणि त्याच वेळी मोठी माणसं पोट धरून हसतात, कारण हा राक्षस बोलतो फर्मास मालवणी. गावच्या खड्ड्यांपासून दिल्लीच्या सरकारपर्यंत सगळ्यांची तो भटजीशी बोलता बोलता सालं काढतो. अखेर विष्णू येऊन त्याला मारतो. नावात दहा अवतार असलेल्या या खेळात रंगमंचावर दिसते ती जेमतेम मत्स्यावताराची गोष्ट. पुढे उत्तररंग, म्हणजे रात्रीचं आख्यान, आणि उजाडताना दहीहंडी फोडून काल्याचा प्रसाद.

हे सगळं मी वहीत लिहीत होतो आणि लिहिताना वर्गात शिकलेला इतिहास आठवत होता. 1842 साली कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ सांगलीत झाला, तो पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं, आणि 1843 मध्ये 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. त्यातही गणपती होता, मोरावरची सरस्वती होती, विदूषक होता. पदं सूत्रधार गायचा आणि पात्रं आपापली भाषणं जागच्या जागी करायची. आधी लिहून मग बोलायचं नाटक त्यानंतर आलं; 1861 च्या सुमारास कीर्तन्यांच्या 'थोरले माधवराव पेशवे'पासून अशा नाटकांना लोक 'बुकिश' म्हणू लागले. हा शब्द परीक्षेत मी दोन गुणांसाठी पाठ केला होता. त्यात थोडी चेष्टा आहे, हे दशावताराच्या रंगपटात बसल्यावर कळलं. इथल्या लोकांच्या दृष्टीने माझी वही म्हणजे 'बुक' आणि मी बुकिश.

रंगपट म्हणजे देवळाची पडवी. भिंतीला टेकवलेले हातभर आरसे, प्रत्येकापुढे रंगाचा डबा. इथे रंगभूषाकार नसतो, जो तो आपला चेहरा आपण रंगवतो. आमचे स्त्रीपार्टी काका पन्नाशीचे. दुपारी काजूच्या बागेत कोयता घेऊन हिंडणारे. रात्री दहाला ते आरशासमोर बसत, आरशाला नमस्कार करत, आणि त्यानंतर कुणाशी बोलत नसत. आधी चेहऱ्यावर सफेद थर, त्यावर पिवळसर हात, गालांवर लाली बोटाने ओढलेली. भुवया एका दमात. ओठ सगळ्यात शेवटी. मग नऊवारी. निऱ्या घालताना त्यांची पाठ वाकायची ती वेगळीच. कासोटा खोचून ते उठले की चालणंही बदललेलं असे. पहिल्या आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, की भूमिकेची तयारी कशी करता. ते म्हणाले, साडी नेसताना होते ती.

त्यांची तारामती मी त्या मोसमात चार वेळा पाहिली. चारही वेळा लिहून काढली. मसणवटीतल्या प्रवेशात ती मेलेल्या रोहिदासाला घेऊन येते आणि चांडाळाच्या चाकरीतला हरिश्चंद्र तिच्याकडे कर मागतो. एका गावात हा प्रवेश वीस मिनिटांत संपला. दुसऱ्या गावात तो तासभर चालला, कारण पुढे बसलेली एक बाई मोठ्याने रडू लागली आणि काकांनी ते रडणं आपल्या विलापात घेतलं. तारामती जणू तिच्याशीच बोलू लागली. तिसऱ्या वेळी हरिश्चंद्र झालेल्या नटाला ताप होता. तो फार बोलत नाही हे दोन वाक्यांत ओळखून काकांनी त्याची वाक्यंही तारामतीच्या तोंडी घेतली: तू काय म्हणणार ते मला ठाऊक आहे, राजा. टाळ्या पडल्या. नटाला ताप आहे हे प्रेक्षकांत कुणालाच कळलं नाही.

चार रात्रींच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तर एक वाक्य जुळेना. मी नाइकांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून पान न् पान वाचलं, दोन ठिकाणी खुशीत मान हलवली आणि वही परत दिली. "लिव तू. पन उद्या ह्याच बोलूक माका सांगू नको."

रंगमंचावर मला पहिलं काम मिळालं ते सिद्धीचं. गणपतीशेजारी चवरी घेऊन नाचायचं, बोलायचं नाही. आमच्या कंपनीत नवख्याची सुरुवात तिथूनच. सहाव्या आठवड्यात दूताची भूमिका आली. शत्रू चालून आल्याची बातमी राजाला द्यायची, बस. मी दुपारभर संवाद लिहिला. उपमा घातल्या, यमकं जुळवली, पाठ केला. रात्री राजासमोर गुडघा टेकला आणि जो सुटलो तो थांबेना. राजाने मध्ये दोनदा हात उचलला. माझ्या पाठांतरात त्या हाताला जागा नव्हती. शेवटी एकदाचा श्वास घेतला, तेवढ्यात राजा शांतपणे म्हणाला, "दूता, तुझी वार्ता ऐकता ऐकता आमची अर्धी सेना वृद्ध झाली!" अख्खी जत्रा हसली. पखवाजवाल्याने वर एक थाप दिली. मी पडद्यामागे पळालो.

पहाटे प्रसादाचे दहीपोहे खाताना नाईक शेजारी येऊन बसले. रागावले नव्हते. "आधी आयक," ते म्हणाले. "मगे बोल."

या एवढ्या वाक्यावर ही सगळी कंपनी चालते, असं मला आजही वाटतं. पाठ केलेल्या नाटकात समोरचा चुकला तरी तुमचं वाक्य शाबूत असतं. इथे तुमचं वाक्यच समोरच्याच्या वाक्यातून जन्मतं. म्हणून जुने दशावतारी पुराणं, पोथ्या, कीर्तनं ऐकून डोक्यात साठवतात, पण रात्री त्यातलं काय बाहेर काढायचं हे समोरच्या डोळ्यांत बघून ठरवतात. प्रेक्षकही या कामात भागीदार. एखादा सवाल-जवाब रंगला की कुणीतरी उठून बक्षीस देतो, पेटीवरून त्याचं नाव पुकारलं जातं, आणि राजा तेवढ्यापुरता राज्यकारभार थांबवून नमस्कार करतो. बिदागी ठरलेली आणि बेताची. ही बक्षिसं घरी नेण्याची. पावसाळ्यात यातले बहुतेक राजे चिखलात तरवा लावतात.

त्यालाही आता वीस वर्षं झाली. या काळात खेळ पुष्कळ बदलला. माइक, रंगीत दिवे, धूर आले. ट्रिकसीनची नाटकं आली. वेगवेगळ्या कंपन्यांतले गाजलेले नट एकत्र आणून 'संयुक्त दशावतार' होऊ लागले, आणि त्यांचे प्रयोग मुंबईतले चाकरमानी नाट्यगृहांत तिकीट काढून पाहतात. 2025 मध्ये 'दशावतार' नावाचा मराठी चित्रपट आला, तेव्हा ज्यांनी कधी जत्रा पाहिली नाही असे लोकही मला संकासुराबद्दल विचारू लागले. ट्रिकसीनवर जुनी मंडळी कुरकुरतात. मी एक पाहिला. धुरातून देवी प्रकटली, लोक चकित झाले, आणि धूर विरल्यावर ती राक्षसाशी बोलायला लागली. तिथून पुढे नेहमीचाच दशावतार होता. धुराला संवाद येत नाहीत.

मी आज मालिकांचे संवाद लिहून पोट भरतो. सकाळी पानं पाठवतो, दुपारी नट ती बोलतात. एखाद्या पानावर एकाच पात्राची ओळीने सहा वाक्यं दिसली की मला तो राजा आठवतो, आणि त्यातली चार मी खोडतो.

गेल्या मोसमात जत्रेला गेलो. पायपेटीवर नाइकांचा मुलगा होता. नाईक बाजूला खुर्चीवर, शाल पांघरून. स्त्रीपार्टी काका आता आख्यानात उतरत नाहीत. नव्या पोराला निऱ्या घालून देत होते. मी वाकून नमस्कार केला. नाइकांनी मला ओळखायला थोडा वेळ घेतला, मग माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"वही हाडलंस काय रे?"

"नाही, आबा."

"मगे बस."