उभी शेती आणि व्यापाऱ्याची खतावणी

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भगवान ऋषभदेवांनी लोकांस असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य व शिल्प अशी सहा कर्मे शिकविली. त्यामुळे बेळगाव-निपाणी भागातील आमच्या समाजात नांगर आणि तराजू एकाच घरी नांदले, यात नवल नाही. आता या दोहोंस पुन्हा एकत्र आणू पाहणारा एक नवा उद्योग आमच्या तरुणांच्या बोलण्यात वारंवार येतो. बंद घरात मांडणीवर मांडणी रचावी, मातीऐवजी क्षारमिश्रित पाण्यात मुळे वाढवावीत, सूर्याऐवजी विजेचे दिवे लावावेत आणि बारमाही पालेभाजी काढावी, असा हा प्रकार. यास ‘उभी शेती’ असे नाव पडले आहे. घरचे भांडवल यात घालावे काय, या प्रश्नाचा हिशेब सभासद बंधूंपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

स्थळ म्हणून आम्ही कणकुंबी डोळ्यांपुढे धरली, ती सकारण. खानापूर तालुक्यातील हे गाव मलप्रभेचे उगमस्थान. येथील पाऊस प्रसिद्धच आहे. पावसाळ्यात दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाही आणि उघड्या वाफ्यातील कोवळा पाला कुजून जातो. उलटपक्षी चोर्ला घाटाने गोव्यास जाणारा रस्ता गावावरूनच जातो, आणि गोव्याच्या स्वयंपाकघरांत बेळगावची भाजी कित्येक वर्षे शिजत आली आहे. हवा थंड, पाणी विपुल, गिऱ्हाईक घाटाखाली. तेव्हा बंदिस्त शेतीस याहून योग्य जागा कोणती, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल.

मातीवाचून शेती आपल्या देशास सर्वस्वी नवी नाही. शोल्टो डग्लस यांनी 1946 च्या सुमारास कालिंपाँग येथे तिचे प्रयोग केले होते. मजल्यांवर शेती रचण्याच्या कल्पनेस अमेरिकेतील प्राध्यापक डिक्सन डेस्पोमिए यांनी 1999 पासून चालना दिली. आमच्या शेजारी, गोव्यात म्हापशाजवळ, संगणक क्षेत्रातून आलेले अजय नाईक यांनी 2016 च्या सुमारास अशी बंदिस्त शेती उभारली. अवघ्या 150 चौरस मीटर जागेत महिन्यास दीड ते दोन टन पालेभाजी निघते, असे त्या वेळच्या वृत्तांत प्रसिद्ध झाले. जागेची ही काटकसर खरोखर विस्मयकारक आहे.

परंतु व्यापारी विस्मयावर दुकान चालवीत नाही. ज्या अमेरिकेत या धंद्यात अफाट पैसा ओतला गेला, तेथे एरोफार्म्स या कंपनीने 2023 साली दिवाळखोरीचा अर्ज केला, बावरी फार्मिंगने 2024 च्या नोव्हेंबरात टाळे लावले, आणि 2025 च्या मार्चमध्ये प्लेंटी ही कंपनीही न्यायालयाच्या दारी गेली. पीक उत्तम येऊनही पेढी का बुडावी?

त्याचे मुख्य कारण विजेच्या बिलात आहे. 2021 सालच्या एका जागतिक पाहणीत दिव्यांवरच्या उभ्या शेतीस एक किलो मालामागे सरासरी 38.8 युनिट वीज लागते असे आढळले. सूर्यप्रकाश घेणाऱ्या काचघरास तीच 5.4 युनिट. युनिटचा दर आठ रुपये धरला, तर पहिल्या प्रकारात किलोमागे सुमारे 310 रुपये केवळ विजेचे होतात, दुसऱ्यात सुमारे 43. मजुरी, बियाणे, क्षार, व्याज, घसारा हे सारे वेगळेच. या भावात मेथी-कोथिंबीर विकण्याची गोष्टच नको. लेट्यूस, बेसिल यांसारखा हॉटेलांस लागणारा उंची मालच तेवढा हा भार कसाबसा पेलील.

यापुढची गोम अधिक सूक्ष्म आहे. उभ्या शेतीचा खरा लाभ पावसाळ्यात, कारण तेव्हा बाहेरचा पाला दुर्मिळ. पण गोव्यातील प्रवाशांचा मोठा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. पावसाळ्यात तेथील हॉटेलांची मागणी ओसरलेली असते. आमच्या कुटुंबांतही चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणारे पुष्कळ. म्हणजे माल जेव्हा दुर्मिळ, तेव्हाच गिऱ्हाईक थोडे! शिवाय त्याच दिवसांत झाड पडून तारा तुटतात, घाटात दरड येते. पाणी खेळविणारा पंप काही तास बंद राहिला, तर उघडी मुळे सुकून पीक हातचे जाते. पाण्याची मोठी बचत हा या शेतीचा गौरवाचा गुण. परंतु मलप्रभेच्या उगमाशी त्या गुणास बाजारभाव नाही. तो अथणी-विजापूरकडील कोरड्या मुलुखात मिळावा.

मग हा विचार सोडूनच द्यावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. कीटकनाशकांवाचून अन्न पिकविणे अहिंसाधर्मी समाजास मनापासून रुचणारे आहे. निपाणीच्या पेठेने तंबाखूवर वैभव पाहिले. त्या भांडवलास अन्नाच्या निर्दोष धंद्याकडे वळविण्याची इच्छा नव्या पिढीस झाली असेल, तर वडीलधाऱ्यांनी तिला आशीर्वादच द्यावा. मात्र वाट पायरीपायरीने चढावी. आरंभी दिव्यांचे घर न बांधता पाऊस अडविणारे व ऊन आत घेणारे पारदर्शक छप्पर घालावे; मांडण्या व दिवे केवळ रोपे तयार करण्यापुरते, लहान खोलीत ठेवावेत. रोपास जागा व वीज थोडी लागते आणि त्याचे गिऱ्हाईक शेजारचा शेतकरीच असतो. उंची पाल्याचा पहिला वाफा घालण्यापूर्वी दोन-तीन हॉटेलांशी वर्षाचा लेखी करार करावा. वीज गेल्यास पंप चालेल अशी तजवीज पहिल्या दिवशीच असावी. आणि कर्ज काढून नव्हे, तर गेले तरी घर हलणार नाही एवढ्याच रकमेने प्रारंभ करावा. परिग्रहास मर्यादा घालण्याचा जो उपदेश आपण व्याख्यानांतून ऐकतो, तो भांडवलाच्या हव्यासासही लागू आहे.

आमच्या वाडवडिलांनी नवा माल दुकानात ठेवण्यापूर्वी त्याची मूठभर वानगी तळहातावर घेऊन पाहिली. नव्या शेतीचीही अशीच वानगी आमच्या तरुणांनी घ्यावी. तराजू आधी धरावा, दिवे मागाहून लावावेत. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत कोणी बंधूने अशा लहानशा प्रयोगाचा जमाखर्च, नफा असो वा तोटा, प्रामाणिकपणे प्रसिद्ध केला, तर त्याचा उपयोग साऱ्या पेठेस होईल.