बारा व्होल्टची राखण

पावसाळ्यात सौर कुंपणाचं निम्मं काम विळ्याचं असतं. चंद्रपूरहून दुर्गापूर आणि ऊर्जानगर मागे टाकून मोहर्लीच्या रस्त्याला लागलं की धान, सोयाबीन, तुरीची शेतं दिसू लागतात आणि त्यांच्यामागे लगेच ताडोबाचं बफर जंगल. ज्या शेताला कुंपण आहे, तिथला शेतकरी सकाळी आधी तारेत वीज सोडणाऱ्या झटका मशीनचं बटण बंद करतो, ते बंद झाल्याची पुन्हा खात्री करतो आणि धुऱ्याच्या कडेकडेनं वाकून चालू लागतो. सगळ्यात खालच्या तारेला टेकलेली प्रत्येक काडी कापायची, खांबावर चढलेला वेल सोडवायचा, वाऱ्यानं कललेला बांबू पुन्हा ठोकायचा. दोन-तीन एकरांना वळसा घालून येईपर्यंत पाठ भरून येते. श्रावणातलं गवत असं वाढतं की थोड्याच दिवसांत पुन्हा तीच फेरी.

या कापणीवर सगळं कुंपण उभं असतं. ओल्या गवताच्या पात्यातून वीज जमिनीत उतरते. एका पात्यानं काही बिघडत नाही, पण शेकडो पाती तारेला टेकली की दाब घसरतो आणि रानडुकराला जेमतेम चुणचुण जाणवते. एकदा असा हलका झटका सोसून आत शिरलेलं डुक्कर दुसऱ्या रात्री थांबत नाही, कळपही आणतं. म्हणून कुंपण बसवल्यावर पहिले काही दिवस ते पूर्ण दाबानं चालणं फार महत्त्वाचं. जनावराला तारेची पहिली ओळख जोरदार झाली, तर पुढे ते तिच्यापासून दूर राहतं.

साहित्य बघायला गेलं तर थोडकंच. एक छोटं सौर पॅनल, बारा व्होल्टची बॅटरी, झटका मशीन, खांब, प्लास्टिकचे किंवा चिनी मातीचे इन्सुलेटर, जस्ताचा मुलामा दिलेली तार आणि अर्थिंगच्या सळया. खांब लोखंडी अँगलचे असतात, नाहीतर घरचा बांबू. तारेचे चार-पाच पदर ओढतात. डुकरासाठी सगळ्यात खालचा पदर जमिनीपासून वीतभर-फूटभर उंचीवरच हवा. जरा वर घेतला तर डुक्कर तोंडानं माती उकरून खालून जातं. रोह्यासाठी, म्हणजे नीलगाईसाठी, वरचे पदर लागतात. उंचसखल जमिनीत हे अंतर सांभाळणं अवघड जातं, कारण बांधी उतरते तिथं तार वर राहते. अशा जागी एक जादा खांब ठोकावा लागतो आणि अनुभवी माणूस तो ठोकतोच.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे अर्थिंग. मशीनमधून निघालेली वीज तारेत येते, तारेतून जनावराच्या अंगात, पायांतून मातीत आणि मातीतून सळईवाटे परत मशीनकडे. हे वर्तुळ पुरं झालं तरच झटका बसतो. धान उभा असताना माती ओली असते, त्यामुळे अडचण येत नाही. हरभऱ्याच्या दिवसांत भुई कोरडी पडते, तिच्यातून वीज नीट वाहत नाही आणि तेच कुंपण तितकं चावेनासं होतं. मग सळयांच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरायचा, अधूनमधून पाणी ओतायचं. काही ठिकाणी तारेचा एक पदर मशीनला आणि पुढचा पदर अर्थिंगला जोडतात, म्हणजे दोन्हींना एकदम शिवलेल्या जनावराला जमिनीच्या ओलीशिवायही धक्का बसतो. नवीन कुंपण घेणाऱ्यानं मशीनच्या किमतीइतकीच या सळयांची चौकशी करायला हवी.

मशीन तारेत सलग वीज सोडत नाही. साधारण सेकंदा-सव्वा सेकंदाला एक ठोका देतं. ठोक्याचा दाब कित्येक हजार व्होल्टचा असतो, पण तो टिकतो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. स्नायू आखडतात आणि लगेच सुटतात, जनावर मागे उसळून पळतं. दोन ठोक्यांमधला मोकळा वेळच जीव वाचवतो. तार तुटली किंवा तिच्यावर काही पडलं तर बऱ्याच मशिनींचा भोंगा वाजतो आणि घरातला कुणीतरी टॉर्च घेऊन उठतो.

याच शेतांत याच कामासाठी दुसरी एक पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. वरून जाणाऱ्या लाइनवर आकडा टाकायचा आणि ती वीज सरळ जमिनीलगतच्या तारेत सोडायची. तो २३० व्होल्टचा प्रवाह थांबत नाही. शिवणारा चिकटतो आणि मरतो, मग तो डुक्कर असो, वाघ असो किंवा पहाटे बांधावर आलेला शेजारी. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ २०१७ च्या एप्रिलमध्ये नागभीड भागात अशाच तारेनं मेला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून निदान शोध लागला. आकडा टाकणाऱ्यावर वीजचोरीचा आणि वन्यजीव संरक्षण कायद्याखालचा गुन्हा दाखल होतो, घरदार उद्ध्वस्त होतं. तरीही लोक तो टाकत आले, कारण एका रात्रीत सहा महिन्यांचं पीक लोळवलेलं पाहिल्यावर माणूस हताश होतो. सौर कुंपणाकडे बघताना ही हतबलता आधी समजून घ्यायला हवी.

आणि जागलही, म्हणजे पिकाची रात्रभरची राखण. धान निसवला, लोंबीत दूध भरलं की डुकरं येतात. तेव्हापासून मळणी होईपर्यंत घरातल्या एका माणसाला रात्री शेतात काढाव्या लागतात. मचाण, शेकोटी, पत्र्याचा डबा, एक टॉर्च आणि मोठ्यानं आरोळ्या. दिवसा कापणी किंवा मजुरी, रात्री जागल. महिना-दीड महिना असं गेल्यावर माणूस आजारी पडतो, हे या भागात कुणी वेगळं सांगायची गरज नाही. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि बफर सुमारे ११०० चौरस किलोमीटर. या बफरमध्ये गावं आहेत, शेतं आहेत. चितळ आणि डुक्कर पिकात येतात, त्यांच्यामागून बिबट्या आणि वाघ. मचाणावर चढण्यापूर्वीची आणि उतरल्यानंतरची पायवाट सर्वांत धोक्याची.

वाघाची भीती बफरमधल्या गावांपुरती उरलेली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारातच एक कंत्राटी कामगार वाघाच्या हल्ल्यात गेला आणि लगोलग दुर्गापूरमध्ये एक सोळा वर्षांचा मुलगा बिबट्यानं नेला. ऊर्जानगर ही त्याच केंद्राची वसाहत. १९८३ मध्ये इथला पहिला २१० मेगावॉटचा संच सुरू झाला. आज सुरुवातीचे दोन जुने संच बंद करूनही केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. दुर्गापूर-पद्मापूरचा कोळसा, इरई धरणाचं पाणी, आणि इथून निघालेली उच्चदाब एकदिश वाहिनी ७५२ किलोमीटर जाऊन पडघ्याला मुंबईच्या दारात पोहोचते. १९९९ पासून ती सुरू आहे आणि तिची क्षमता १५०० मेगावॉट आहे. एवढ्या विजेच्या उगमाशी राहणारा शेतकरी मात्र ओलितासाठी रात्रीच्या पाळीची वाट बघत आला. कृषिपंपांना वीज मिळायची ती काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याला पाणी द्यायला अंधारात मोटार सुरू करायला जायचं, बारे फोडायचे, पाण्यात उभं राहायचं. पुण्या-साताऱ्याकडे हा त्रास असतो. इथं तो जीवाशी येतो.

म्हणून या जिल्ह्यात सौरऊर्जेचा हिशेब मेगावॉटमध्ये मांडून भागत नाही. किती रात्री माणूस घरी झोपला, हे मोजायला हवं. साधं गणित करून पाहावं. झटका मशीन तीन-चार वॉट ओढत असेल, तर बारा तासांच्या रात्रीला पन्नास वॉट-तासांच्या आत काम भागतं. म्हणजे विजेच्या एका युनिटमध्ये वीसेक रात्रींची राखण होते. एका रात्रीपुरती वीज चाळीस-पन्नास वॉटचं पॅनल चांगल्या उन्हाच्या दीड-दोन तासांत गोळा करतं. तिची किंमत बिलावर शून्यात जमा होईल, पण मचाणावरच्या माणसाला ती किंमत विचारून पाहावी.

दुसरी बाजू पंपाची. २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना गावाजवळ सौर प्रकल्प उभारून त्याची वीज दिवसा कृषिपंपांना द्यायचं ठरवते. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. स्वतंत्र सौरपंपाची वाट वेगळी. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यानं किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं ५ टक्के भरायचे असतात. तीन अश्वशक्तीच्या पंपाला साधारण तीन हजार वॉटची पॅनलं लागतात. सकाळी ऊन वर आलं की पंप हळूहळू वेग घेतो, दुपारी भरात असतो, चारनंतर धार बारीक होते. ढग आला की पाणी कमी. ज्याला आयुष्यभर लाइनची सवय, त्याला पहिल्या हंगामात हे चुकीचं वाटतं, मग तो बारे लहान पाडायला शिकतो आणि सगळ्यात तहानलेला तुकडा दुपारी भिजवतो.

कोळशाच्या पट्ट्यात पॅनलचं आणखी एक काम वाढतं. खाणी, कोळशाचे ट्रक आणि राख यांची बारीक पूड काचेवर बसते. ओला फडका फिरवला की तो काळा होऊन येतो. धुवायचं ते सकाळी, काच गार असताना. भर दुपारी तापल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते. पॅनलच्या खालच्या कडेला चिखलाची एक रेघ जमते, तीही पुसावी लागते, कारण तेवढ्या सावलीनंही उत्पादन घटतं. हे काम बहुतेक घरांत बायका किंवा शाळकरी पोरं करतात आणि योजनेच्या कुठल्याच कागदावर त्याचा उल्लेख नसतो.

वीज केंद्रानंही सूर्याकडे पाहिलं आहे. ते चालवणाऱ्या महानिर्मितीनं २०१० मध्ये चंद्रपूरला एक मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारला आणि पुढे इरई धरणाच्या पाण्यावर तरंगत्या पॅनलांची योजना आखली. कोळशाच्या गावात या गोष्टी व्हायलाच हव्यात. पण त्यातली वीजही त्याच मोठ्या जाळ्यात जाणार.

सौर कुंपणासाठी राज्यात डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. त्यातून वैयक्तिक कुंपणाला साहित्याच्या किमतीच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम मिळते. बाकी शेतकऱ्याची. या आखणीमुळे बरंच भलं झालं आणि एक गुंताही वाढला. एकाच्या शेताला तार लागली की डुकरांचा कळप शेजारच्या उघड्या शेतात वळतो. ज्याच्याकडे स्वतःचा हिस्सा भरायला पैसे नाहीत, त्याच्यावर दुप्पट भार येतो. सगळ्या शिवाराला मिळून एकच कुंपण घातलं तर तार कमी लागते, जनावरांना जंगलाच्या बाजूनं मोकळी वाटही ठेवता येते. फक्त त्याचं गवत कुणी कापायचं, हा प्रश्न पहिल्याच पावसाळ्यात उभा राहतो. ज्या गावात बैठक घेऊन धुऱ्याप्रमाणे कामाचे वाटे ठरवून दिले आणि न करणाऱ्याला दंड लावला, तिथंच सामूहिक तार टिकू शकते. अनुदान देणाऱ्यांनी तारेच्या मीटरांबरोबर ही बैठकही मोजावी, असं आग्रहानं म्हणावंसं वाटतं.

गडचिरोलीत प्रकरण आणखी अवघड आहे. २०२१ मध्ये छत्तीसगडातून रानहत्तींचा कळप तिथं आला आणि धानाच्या बांध्यांत फिरू लागला. डुकरासाठी ओढलेली तार हत्तीला पुरत नाही. हत्ती शिकतो. सुळ्यातून वीज वाहत नाही, हे त्याला अनुभवानं कळतं आणि तो सुळ्यानं तार ओढतो किंवा खांबावर झाड पाडतो. देशभरातल्या हत्तीप्रदेशांत हे पाहिलं गेलं आहे. तिथं तारा उंच टांगाव्या लागतात, खांब मजबूत लागतात आणि रोज फेरी मारणारं पथक लागतं.

पण कुंपण बहुतेक वेळा बंद पडतं ते बॅटरीमुळे. आषाढात सलग ढगाळ दिवस गेले की पॅनल पुरेशी वीज देत नाही, बॅटरी रोज थोडी अधिक रिकामी होते आणि असं वारंवार झालं की तिचं आयुष्य आटतं. पाणी घालायची बॅटरी असेल तर तेही विसरलं जातं. काही वर्षांनी ती बदलावीच लागते. अनुदान पहिल्या बसवणीपुरतं असतं, दुसरी बॅटरी शेतकऱ्याच्या खिशातून येते आणि तिची वेळ नेमकी धान निसवतो तेव्हा, हातात पैसा नसताना येते. मशीनचं कार्ड जळलं तर दुरुस्तीला चंद्रपूर गाठावं लागतं. तालुक्याच्या ठिकाणी आयटीआय शिकलेल्या दोन पोरांना हे काम शिकवलं, थोडे सुटे भाग ठेवायला दिले, तर कितीतरी बंद पडलेल्या तारा त्याच हंगामात जिवंत होतील.

तोवर गावं आपापला मार्ग काढतात. ट्रॅक्टरची बॅटरीही बारा व्होल्टचीच असते. संध्याकाळी ट्रॅक्टर शेताजवळ आणायचा, बॅटरी काढून झटका मशीनला जोडायची, टेस्टर तारेला लावून दाब पाहायचा आणि घरी जायचं. सकाळी ती परत ट्रॅक्टरला, कारण दिवसा भाड्याची खेप असते. धान घरात येईपर्यंत हे रोज चालतं आणि विकल्यावर पहिली खरेदी नव्या बॅटरीची होते.