कॉलेजची फी आणि तीन वाटा

पोरगं बारावी पास झालं की घरी पेढे येतात. पण आईबापांच्या पोटात गोळाही येतो. कॉलेजची फी कुठून भरायची? कोणी सांगतं, गाय विका. कोणी सांगतं, सावकाराकडं जा. मंडळी, जरा थांबा. आधी तीन वाटा आहेत, त्या बघा. त्याही क्रमानं बघा.

पहिली वाट शिष्यवृत्तीची. हा पैसा परत करावा लागत नाही. अनुसूचित जातीच्या मुलांना दहावीपुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळते. त्यासाठी घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. खुल्या गटातल्या गरीब घरांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे. तिथं मर्यादा ८ लाखांची. मुलाची निम्मी शिकवणी फी सरकार भरतं. मुलींसाठी तर २०२४ साली मोठी सवलत झाली. आर्थिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची सगळी शिकवणी फी माफ झाली. परीक्षा फीसुद्धा माफ. मात्र प्रवेश सरकारी फेरीतून मिळालेला हवा. म्हणून पोरीला घरी बसवू नका.

दुसरी वाट कष्टाची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात कॉलेज काढलं. तिथं गरिबांची मुलं काम करीत आणि शिकत. 'कमवा आणि शिका' ही योजना आजही पुणे विद्यापीठात आणि अनेक कॉलेजांत चालते. ग्रंथालयात, कचेरीत, बागेत काम करायचं. तासाप्रमाणे पैसे मिळतात. त्यात लाज कसली?

तिसरी वाट बँकेच्या कर्जाची. ४ लाखांपर्यंतच्या शिक्षणकर्जाला शेत किंवा घर तारण द्यावं लागत नाही. मुलाबरोबर आईची किंवा बापाची सही लागते. शिक्षण संपल्यावर साधारण एका वर्षानं हप्ते सुरू होतात. पण ध्यानात ठेवा, व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चढतं. म्हणून ही वाट शेवटी धरायची. जेवढी नड, तेवढंच कर्ज काढायचं.

आता कागदांचं बघू. तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढा. जातीचा दाखला आणि रहिवासाचा दाखलाही काढून ठेवा. बँकेत खातं मुलाच्याच नावाचं हवं. ते आधार क्रमांकाला जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर झालेला पैसाही अडकतो. अर्ज 'महाडीबीटी' या सरकारी संकेतस्थळावर भरतात. एकदा भरला म्हणजे झालं, असं नव्हे. तो दर वर्षी भरावा लागतो. दाखल्यांना दिवस लागतात. निकालाची वाट बघू नका. तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग?

आणि एक गोष्ट. आता तुम्हाला वाचता येतं. कर्जाचा कागद असो की शिष्यवृत्तीचा अर्ज, आधी स्वतः वाचा. समजलं नाही तर विचारा. मग सही करा.