मॉडेलमध्ये खोट हवीच

पोलादाची एक सळई घ्या: लांबी दोन मीटर, व्यास २० मिलिमीटर. दोन्ही टोके वळू शकतील पण बाजूला सरकणार नाहीत अशी पकडून ती उभी ठेवली आणि वरून वजन चढवत नेले, तर साध्या पोलादाच्या ताकदीच्या हिशेबाने तिने सुमारे आठ टन पेलायला हवेत. प्रत्यक्षात चारशे किलोच्या आतच तिला बाक येतो आणि ती कामातून जाते. दाबाखालची सडपातळ वस्तू अशी एकाएकी बाजूला झुकते, त्याला बकलिंग म्हणतात. लिओनार्ड ऑयलरने १७४४ मध्ये त्याचे गणित मांडले. त्या सूत्रात पोलादाची ताकद येतच नाही. येतो तो त्याचा ताठपणा, छेदाचा आकार आणि लांबीचा वर्ग. म्हणूनच त्याच सळईला मधोमध पक्का आडवा आधार दिला, की ती चौपट भार घेते. तो आधार कागदावर असून जागेवर नसेल, तर हिशेबातल्या भाराच्या पाव हिश्श्यालाच ती वाकते.

अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात असेच घडले. तिथल्या बंदिस्त क्रीडागाराचे सुमारे ९१ बाय ११० मीटरचे छत १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराखाली कोसळले. काही तासांपूर्वीच त्याखाली बास्केटबॉलचा सामना पाहायला सुमारे पाच हजार लोक बसले होते. छताचा सांगाडा संगणकावर तपासलेला होता. मॉडेलमध्ये वरच्या दांड्यांना मधोमध आधार गृहीत धरला होता. जोडण्या मात्र अशा केल्या होत्या की कडेच्या दांड्यांना तो पुरेसा मिळतच नव्हता. छत उचलून जागेवर बसवले तेव्हा ते हिशेबाच्या दुप्पट लवल्याचे मोजमापात दिसले होते, तरीही मॉडेलवरचा विश्वास ढळला नाही. संगणकाची आकडेमोड बरोबर होती. त्याला जे छत सांगितले होते, ते बांधलेच गेले नव्हते.

आज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर अ‍ॅन्सिस किंवा अबॅकससारखे विश्लेषणाचे सॉफ्टवेअर असते आणि वरची सळई तो काही मिनिटांत उभी करतो. रेषीय, म्हणजे आयगेनव्हॅल्यू विश्लेषण चालवले की ३९५ किलोच्या आसपासचा आकडा येतो, सोबत वाकलेल्या सळईचे रंगीत चित्र. मग तो एक पायरी वर चढून अरेखीय विश्लेषण चालवतो, आणि गंमत अशी की सळई वाकतच नाही. पाचशे किलो झाले, हजार झाले, तरी ती फक्त किंचित आखूड होत जाते. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. सळई अगदी सरळ, भार अगदी मध्यावर; मग तिने डावीकडे झुकावे की उजवीकडे, याला काही कारणच उरत नाही. तिला आधीच दोन मिलिमीटरचा बाक देऊन पाहिले, की ती खऱ्या सळईसारखी वागू लागते. ही खोट घालण्याची पायरी अभ्यासक्रमात ‘पुढचा भाग’ म्हणून शेवटी येते. ती पहिल्याच प्रात्यक्षिकात यायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

याचा सर्वांत मोठा पुरावा पातळ नळकांड्यांनी दिला आहे. अशा कवचावर उभा भार किती चढवता येईल, याचे सिद्धान्तातले उत्तर १९१४ पर्यंत हाती आले होते. पुढच्या दोन दशकांतल्या प्रयोगांत नळकांडी त्याच्या निम्म्या, तर कधी पाव भारालाच चुरगळली. एकसारख्या दिसणाऱ्या दोन नमुन्यांचे आकडेही जुळेनात. याचे समाधानकारक स्पष्टीकरण वॉर्नर कोइटर यांच्या १९४५ च्या डेल्फ्टमधील प्रबंधात मिळाले. सडपातळ स्तंभ बाक आल्यावरही तेवढा भार धरून ठेवतो, कवचाची क्षमता मात्र त्या क्षणी घसरते. त्यामुळे आकारातली क्षुल्लक खोटही त्याला आधीच खाली खेचते. शीतपेयाच्या रिकाम्या डब्यावर अलगद उभे राहता येते, पण कुणी त्याच्या अंगाला बोट लावले की तो क्षणात सपाट होतो, तो याच कारणाने. नासाच्या १९६८ च्या मार्गदर्शिकेनुसार, त्रिज्या जाडीच्या हजारपट असलेल्या नळकांड्याला सिद्धान्तातल्या भाराच्या जेमतेम २२ टक्केच भार धरायचा.

यावर कुणी म्हणेल, सिद्धान्तातला भार घटवणारे असे घटक तयार असताना खोटीचे मॉडेल कशाला? पोलादी बांधकामाच्या आपल्या आयएस ८००:२००७ या संहितेतही स्तंभांसाठी अ, ब, क, ड अशा चार वक्ररेषा आहेत आणि खोट त्यांच्यातच मुरलेली आहे. नेहमीच्या स्तंभाला त्या पुरतात, हे खरेच. पण पोचा आलेली टाकी किंवा दार कापलेला सायलो या वक्ररेषांत बसत नाही. आणि जुन्या चाचण्यांच्या तळाशी आखलेली रेषा आजच्या अचूक घडणीला उगाच जड करते. अग्निबाणात प्रत्येक किलो मोजावा लागतो. म्हणून नासाने २००७ मध्ये हे घटक नव्याने तपासायला घेतले. २०११ मध्ये हंट्सव्हिलला ८.४ मीटर व्यासाचे नळकांडे सुमारे दहा लाख पौंड भाराखाली चिरडण्यात आले, तेही प्रत्यक्ष मोजलेला आकार मॉडेलमध्ये भरून, आधी भाकीत करून.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: न मोजलेली खोट म्हणजे शेवटी अंदाजच ना? वेल्डिंगने येणारा पोचा आयगेनव्हॅल्यूने दिलेल्या आकारासारखा क्वचितच असतो, आणि पहिला आकार सर्वांत घातक असेलच असेही नाही. हे मान्य. म्हणून खोट एकच न घालता लहान-मोठ्या, वेगवेगळ्या आकारांच्या घालाव्यात आणि क्षमता कशी घटते त्याचा आलेख काढावा. आपल्या सळईचा आलेख जवळजवळ आडवा राहील. नळकांड्यात मात्र जाडीच्या निम्म्याइतकी प्रतिकूल लाटही क्षमता निम्म्याहून खाली आणते. पहिल्या प्रात्यक्षिकाच्या वहीत हे दोन आलेख शेजारी शेजारी असावेत, आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यांच्यातल्या फरकावर विचारला जावा.