लाल मणी

ऑगस्ट २०१७. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशु कक्षात एका महिन्यात ५५ बाळं दगावल्याची बातमी देशभर गेली. एकेका इन्क्युबेटरमध्ये दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागत होती, असं छापून आलं. रुग्णालयाचं म्हणणं असं की बाळं फार कमी वजनाची असतात आणि अगदी शेवटच्या घटकेला आणली जातात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पण हा आकडा आपल्याला कळला, तो ही बाळं रुग्णालयापर्यंत पोहोचली म्हणून. याच जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर पाचवीच्या आतच गेलेलं, बारसंही न झालेलं मूल कुठल्या वहीत लिहिलं जातं?

हाच प्रश्न त्याच्या तीस वर्षं आधी राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत विचारला गेला होता.

अभय आणि राणी बंग हे डॉक्टर दांपत्य अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आलं आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. जागा मिळाली ती तेंदूपत्त्याच्या गोदामात. जिथे दुखणं आहे तिथेच संशोधन व्हावं, हा त्यांचा हट्ट होता. त्याचं पहिलं मोठं फळ राणीताईंच्या हाती आलं. दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले आणि याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं हा अभ्यास छापला. बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदीचं टार्गेट, एवढ्यावरच ज्या व्यवस्थेचं काम चालत होतं, तिला हा पुरावा गैरसोयीचाच होता.

मुलांचं प्रकरण याहून अवघड होतं. शंभरेक गावांत जन्म-मृत्यूंची नोंद घरोघर ठेवायला सुरुवात झाली, तेव्हा हजार जन्मांमागे १२१ बालकं वर्षाच्या आत जात असल्याचं दिसलं.

अभय बंग यांनी अनेकदा सांगितलेली एक घटना आहे. पावसाळ्यातली संध्याकाळ. दोन बायका धावत त्यांच्या घरात शिरल्या. हातात कातडी सुरकुतलेलं, धापा टाकणारं तान्हं मूल. काही करण्याआधीच ते गेलं. नंतर त्यांनी त्या मृत्यूची कारणं मांडायला घेतली, तर ती अठरा भरली. आईचं कुपोषण, गरिबी, पुरानं अडलेली वाट, एकातून दुसरं. इथे माणूस हात टेकतो किंवा क्रांतीची वाट बघत बसतो. बंगांनी उलटा विचार केला. साखळी अठरा कड्यांची असेल तर ती तुटायला एक कडी पुरे. प्रश्न एवढाच की आपल्या हातात कुठली आहे?

पहिली सापडली ती न्यूमोनियाची. तिकडे लोक त्याला ‘डब्बा’ म्हणत. सुमारे चाळीस टक्के मृत्यू त्याचे होते. निदानाला एक्स-रे लागत नाही, मिनिटाला श्वास किती ते मोजलं तरी चालतं, हे तोवर जगाला कळलं होतं. पण गावातल्या सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग एक साधं यंत्र तयार झालं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दोन महिन्यांखालच्या बाळांसाठी एक ओळ, मोठ्यांसाठी दुसरी. औषध सुईणीच्याच पिशवीत. अंगठा उठवणारी बाई निदान करू लागली आणि बालमृत्यूदर ८०च्या आसपास आला.

तिथे तो अडला. उरलेल्यांत बहुतेक बाळं पहिल्या महिन्यातली होती. वैद्यकाची पुस्तकं एकमुखानं सांगत होती, आजारी नवजाताला रुग्णालयात न्या. गडचिरोलीत ओली बाळंतीण आणि तिचं मूल काळोख्या खोलीबाहेर येत नव्हतं, आणि नेण्याजोगं रुग्णालयही जवळ नव्हतं. म्हणून दवाखानाच त्या खोलीत न्यायचं ठरलं.

१९९३ ते १९९८ हा प्रयोग चालला. ३९ गावांत नवी पद्धत, ४७ गावांत नेहमीची सरकारी व्यवस्था. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायका ‘आरोग्यदूत’ झाल्या. त्या बाळंतपणाला हजर राहत, बाळाचं वजन करत, त्याला ऊब देत, श्वास अडला तर हवा भरत. त्यांच्या नोंदींतून निघालं की निम्म्याहून अधिक बाळं पहिल्या महिन्यात औषधोपचाराची गरज पडावी इतकी आजारी होती आणि मृत्यूंपैकी साधारण निम्मे जंतुसंसर्गानं होत होते. जंतुसंसर्ग म्हणजे जेंटामायसिनचं इंजेक्शन, आणि तेही या बायकांनी द्यायचं! डॉक्टरमंडळींच्या भुवया उंचावणं स्वाभाविक होतं. तो आक्षेप मला अगदीच पोकळ वाटत नाही. चुकीच्या हातातली सुई जीव घेऊ शकते. पण त्या खोलीत दुसरा कुठला हात येणारच नव्हता, याचं उत्तर आक्षेप घेणाऱ्यांकडे नव्हतं.

तिसऱ्या वर्षाअखेर नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून २५च्या घरात आला. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता घट ६२ टक्के. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तेही छापलं.

शोध इथे संपला असता तर ती फक्त वैद्यकाची गोष्ट झाली असती. गडचिरोलीत दडलेले मृत्यू इतरत्रही दडलेले असणार, या संशयानं राज्यातल्या १३ संस्था एकत्र आल्या आणि १९९८ ते २००० अशी दोन वर्षं घरोघर जाऊन मोजत राहिल्या. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. महाराष्ट्रात दरवर्षी पावणेदोन लाख बालमृत्यू होत असावेत, हा त्याचा अंदाज होता. सरकारदरबारी त्यातले थोडेच नोंदलेले होते. हे खोटेपण कुणा एका कारकुनाचं नव्हतं. मृत्यू लिहिला की जाब विचारला जाणार, न लिहिला की कुणी विचारणार नाही, अशी व्यवस्था असली की वही आपोआप कोरी राहते. अहवालावरून गदारोळ झाला. पुढे २००३ मध्ये सरकारनं बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद अभय बंग यांच्याकडेच दिलं.

२०११ मध्ये केंद्र सरकारनं घरोघरच्या नवजात सेवेचा कार्यक्रम देशभर ‘आशा’ कार्यकर्तींवर सोपवला. आज सुरगाण्यातली आशाताई वजनकाटा नि थर्मामीटर घेऊन ४२ दिवसांत सहा वेळा, प्रसूती घरी झाली असेल तर सात वेळा, बाळंतिणीच्या घरी जाते. इंजेक्शनाचा भाग मात्र त्यात नाही. या सगळ्या फेऱ्यांचा मोबदला ठरला तो एका बाळामागे २५० रुपये, आणि त्यालाही पगार म्हणत नाहीत. कागदोपत्री ती स्वयंसेविका आहे. २०२४च्या सुरुवातीला राज्यभरातल्या आशा मानधनवाढीच्या शासननिर्णयासाठी मुंबईत आझाद मैदानावर ठाण मांडून बसल्या होत्या.