फैजपूर ते पाल : चढावर धावताना

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते आणि अधिवेशनासाठी उभारलेल्या वसाहतीला टिळकनगर असे नाव दिले होते. या अधिवेशनाची ज्योत मुंबईहून फैजपूरपर्यंत धावकांनी आळीपाळीने आणली होती. अंतर चारशे किलोमीटरहून जास्त आणि मध्ये सह्याद्रीचा चढ. कुणा एकाने एवढे अंतर धावले नाही. प्रत्येकाने आपल्या ताकदीपुरता टप्पा धावला आणि ज्योत पुढच्याच्या हाती दिली.

आज त्याच फैजपूरच्या रस्त्यांवर पहाटे आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली धावताना दिसतात. कुणाला पोलीस भरती द्यायची असते, कुणाला सैन्यात जायचे असते. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते. एका नोकरीवर सगळ्या घराची आशा असते, त्यामुळे जाहिरात निघाली की दोन महिन्यांत सगळा सराव उरकण्याची घाई होते. शरीर बिघडते ते या घाईनेच. धावण्याने आरोग्य सुधारते हे खरे आहे, पण धावण्याचाही एक क्रम असतो. तो कसा ठेवावा, हे या लेखात पाहू.

चढ कशासाठी?

भरतीचे मैदान सपाट असते, मग डोंगराकडे कशाला जायचे, असा प्रश्न मुले विचारतात. चढावर वेग कमी असला तरी हृदय, फुप्फुसे, मांड्या आणि पोटऱ्या यांना भरपूर काम पडते. वेग कमी असल्याने प्रत्येक पावलाचा दणकाही कमी बसतो. म्हणून आठवड्यातून एकदा चढावर केलेला सराव सपाट मैदानावर उपयोगी पडतो.

यासाठी फैजपूरची जागा चांगली आहे. गावाभोवती केळीच्या बागांची सपाट काळी जमीन आहे. उत्तरेकडे खिरोद्याच्या दिशेने गेले की जमीन हळूहळू चढत जाते. पुढे सातपुड्याचा पायथा लागतो आणि पालकडे जाणारा घाट सुरू होतो. पालजवळ सुकी नदीवर गारबर्डी धरण आहे आणि भोवती यावल अभयारण्याचे जंगल आहे. सपाट, हलका चढ आणि घाट अशा तिन्ही पायऱ्या एकाच दिशेला मिळतात.

बारा आठवड्यांचा क्रम

पहिले चार आठवडे सपाट रस्ताच ठेवा. पाच मिनिटे चाला, दोन मिनिटे हळू धावा, पुन्हा चाला. असे अर्धा तास करा आणि धावण्याचा वेळ थोडा थोडा वाढवा. धावता धावता सोबत्याशी एखादे पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलताना दम तुटत असेल तर वेग जास्त आहे असे समजा.

पुढचे चार आठवडे हलक्या चढाच्या रस्त्यावर धावा. पावले आखूड टाका आणि नजर समोर आठ-दहा पावलांवर ठेवा. कमरेतून वाकू नका. चढ संपेपर्यंत एकाच दमात धावायचे असा हट्ट धरू नका. मध्ये चालणे हाही सरावाचाच भाग आहे.

शेवटचे चार आठवडे, आठवड्यातून फक्त एक दिवस घाटाच्या सुरुवातीचा छोटा टप्पा घ्या. एक मिनिट चढ धावा आणि चालत खाली या. असे सहा वेळा पुरे. उतारावर जोरात धावू नका. उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत शरीराचा भार रोखत असतात, म्हणून उतारावर धावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या जास्त ठणकतात. गुडघ्यांवरही दाब वाढतो.

एका आठवड्यातले एकूण अंतर मागच्या आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या. स्नायू आणि हाडे बळकट होतात ती विश्रांतीतच.

नडगी दुखू लागली तर

नडगीच्या आतल्या कडेने लांबवर दुखणे ही नव्या धावकांची नेहमीची तक्रार आहे. अशा वेळी आठवडा-दोन आठवडे धावणे थांबवा, सायकल किंवा चालणे चालू ठेवा आणि दुखऱ्या जागी फडक्यात गुंडाळून बर्फ लावा. पण बोट ठेवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. तेव्हा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय धावू नका. वेदनाशामक गोळी खाऊन धावणे तर मुळीच नको.

महाग बूट घेणे प्रत्येकाला जमत नाही. पण तळ झिजून गुळगुळीत झालेल्या बुटांवर डांबरी रस्त्याने धावण्यापेक्षा रस्त्याकडेच्या मातीच्या पट्टीवरून धावणे पायांना सोसते.

ऊन : जळगाव जिल्ह्यातला मोठा धोका

आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४५ अंशांपर्यंत जातो. धावताना शरीर स्वतः उष्णता तयार करते आणि घामावाटे बाहेर टाकते. बाहेरची हवाच तापलेली असेल तर हे काम नीट होत नाही. म्हणून उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी सराव संपवा. थंडीतून एकदम उन्हाळ्यात आल्यावर शरीराला उष्णतेची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. त्या दिवसांत अंतर आणि वेग निम्म्यावर आणा. ताप, जुलाब किंवा रात्रीचे जागरण झाले असेल तर त्या दिवशी धावू नका.

धावणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, उलटी झाली, अंग तापलेले असून शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी आधी अंग थंड करणे महत्त्वाचे. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला. काखेत, मानेवर आणि जांघेत थंड ओली फडकी ठेवा. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ला फोन करावा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

लांब पल्ल्याच्या दिवशी नुसते पाणी गटागटा पिण्यापेक्षा ओआरएस बरे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा घालावा. चमचा चहाचा घ्या आणि मीठ जास्त होऊ देऊ नका.

सिकलसेलची तपासणी आधी करा

ही गोष्ट आपल्या घरांनी विशेष लक्षात घ्यावी. सिकलसेल हा रक्तातील हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष आहे. विदर्भातील बौद्ध कुटुंबांत आणि सातपुड्यातील भिल्ल, पावरा समाजांत तो बऱ्याच प्रमाणात आढळतो. खानदेशातील आपल्या अनेक घरांच्या सोयरिकी बुलढाणा-अकोल्याकडे आहेत, म्हणून आपणही तपासणी केली पाहिजे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हा गुण टिकून राहिला, कारण वाहकांना गंभीर मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते.

आई आणि वडील दोघांकडून दोष आला तर मूल ‘एसएस’, म्हणजे रुग्ण असते. त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जोराचा सराव करू नये. एकाकडूनच आला तर माणूस ‘एएस’, म्हणजे वाहक असतो. वाहकाला एरवी काही त्रास नसतो आणि बहुतेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. मात्र ऊन, अंगात पाण्याची कमतरता आणि न थांबता जीव तोडून धावणे या तीन गोष्टी एकत्र आल्या तर वाहकाचे स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो.

म्हणून वाहकाने धावूच नये का? तसे नाही. अमेरिकी सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणी, विश्रांती आणि उष्णतेपासून बचाव यांचे नियम सर्वांसाठीच असलेल्या त्या सैन्यात वाहकांचे मृत्यू इतरांपेक्षा जास्त आढळले नाहीत. स्नायू तुटण्याचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी जास्त आढळला. म्हणजे वाहकही धावू शकतो, पण त्याने नियम मोडून चालणार नाही.

धावताना पाय एकदम लुळे वाटले, मांड्या-पोटऱ्यांत किंवा कमरेत तीव्र वेदना आल्या, दम लागून खाली बसावेसे वाटले, तर लगेच थांबा. सोबत्यांनी ‘चल, थोडंच राहिलंय’ म्हणून ओढू नये. नंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सिकलसेलची प्राथमिक चाचणी सरकारी रुग्णालयात होते. ती सदोष आली तर पुढच्या चाचणीत वाहक की रुग्ण ते कळते.

त्याच वेळी हिमोग्लोबिनही तपासून घ्या. मुलींमध्ये ते १२ आणि मुलांमध्ये १३ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय आहे. अशा वेळी चढावर लागणारा दम हा आळस नसतो. उपचार घेऊन मगच सराव वाढवा. भाकरीसोबत डाळ, मेथी, शेंगदाणे, जमेल तेव्हा अंडी किंवा मासे आणि वर लिंबू असा आहार ठेवा. धावण्याच्या तासभर आधी एक केळे खाल्लेले चालते.

वाटेवरची काळजी

एकटे धावू नका. मुलींनी तीन-चार जणींचा गट करावा आणि घरी मार्ग सांगून निघावे. समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावा, अंगात फिकट रंगाचे कपडे असू द्या, कानात इअरफोन नको. केळीचे ट्रक पहाटेही रस्त्यावर असतात. घाटाच्या जंगलात बिबट्याचा वावर असतो, म्हणून तिथे उजाडल्यावरच जा आणि रस्ता सोडू नका.

घरातल्या मोठ्यांनाही डोंगरवाटा चढाव्या लागतात. बाबासाहेबांच्या १९३७ मधील धुळे भेटीची आठवण म्हणून ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपले लोक मोठ्या संख्येने जातात. तेव्हा पावसाने वाट निसरडी असते. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी महिनाभर आधीपासून रोज अर्धा तास चालावे, यात्रेच्या दिवशी गोळ्या चुकवू नयेत आणि छातीत दाब आला तर तिथेच थांबावे. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच फायदे सांगितले आहेत : प्रवासाची ताकद येते, कष्ट सोसतात, आजार कमी होतात, अन्न पचते आणि मन एकाग्र राहते. न धावणाऱ्यांनाही हे फायदे नुसत्या चालण्याने मिळतात.

भरतीची तारीख जवळ आली तरी क्रम मोडू नका. या आठवड्यात दोन कामे करा : सिकलसेल आणि हिमोग्लोबिनची तपासणी, आणि सोबत धावायला दोन-तीन जणांचा गट.